अपेक्षांचा रकाना

तुमच्या घरात लग्नाचं कुणी असेल आणि पाटोद्याकडचे पाहुणे असतील, तर माझं लिखाण तुम्ही याआधी वाचलेलं आहे. 'मुलगी गृहकृत्यदक्ष व मनमिळाऊ', 'मुलगा निर्व्यसनी, विहीर बागायत' हे सगळं माझं. तीन वर्षं, रोज दुपारी दोन ते सात. खाली माझं नाव कधी नसायचं, आणि मला तेच बरं वाटायचं.

तहसीलच्या रस्त्यावर शकीलभाईंचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. (त्यांच्यासकट सगळ्यांची नावं बदलली आहेत. कुणाचं नाव बाहेर न काढणं ही तेव्हा माझी सवय होती, आता समुपदेशक झाल्यावर तो धंद्याचा नियम झालाय.) मी बीडला बी.ए. करत होते, मानसशास्त्र घेऊन. सकाळच्या बसनं जायचं, दुपारी परत यायचं, चार घास खाऊन दुकान गाठायचं. दुकानात दोन संगणक. एकावर शकीलभाई शपथपत्रं आणि वाढदिवसाचे बॅनर करायचे. दुसरा माझा. त्याच्यावर लग्नाचे बायोडेटा.

बायोडेटा म्हणजे एक पान. वर देव, मध्ये माणूस, खाली नातेवाईक. गणपती ठेवायचा, बुद्ध ठेवायचा की कुलदैवत, एवढं मी आधी विचारायचे. मग नाव, जन्मवेळ, रास, रंग, उंची, शिक्षण, शेती, मामा, आत्या, 'इतर पाहुणे', आणि पानात जागा उरलीच तर शेवटी 'अपेक्षा'. या रकान्यात सगळे एकच शब्द लिहितात : अनुरूप. त्याचा अर्थ मला तीन वर्षांत कुणी सांगू शकलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ 'आधी तुम्ही बोला' असा आहे.

शकीलभाईंनी मला कामावर घेतलं ते मी बोलत नाही म्हणून. "लोग इधर घर की बातें लाते, बेटा," ते म्हणाले, "तोंड बंद पाहिजे. टायपिंग शिकता येतं, ते शिकता येत नाही." टायपिंग शिकावंच लागलं, कारण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. गिऱ्हाईक 'एकोणसाठ' म्हणालं की मी टेबलाखाली बोटं मोजायचे. 'साडेतीन वाजून वर थोडं' ही जन्मवेळ तर मला कुठल्याच शाळेत शिकवली नव्हती.

मी मानसशास्त्र शिकते हे कळलं, की प्रत्येक जण काउंटरवर कोपर टेकायचा. "मग मॅडम, वळखा की आमच्या मनात काय चाललंय."

"झेरॉक्स दोन्ही बाजूंनी पाहिजे," मी म्हणायचे. बहुतेक वेळा बरोबर यायचं.

एक आजोबा नातवाचा बायोडेटा करायला यायचे. पहिल्यांदा शेती तीन एकर. नकार आला, दुरुस्ती करून घेतली, पाच एकर. पुन्हा नकार, आठ. चौथ्या वेळी शकीलभाईंनी मान वर केली. "चाचा, खरेदीखत कहाँ होता? आमच्याच दुकानात का?" आजोबा जराही डगमगले नाहीत. "पोराला अजून दोन नकार येऊ दे, मग पाटोदाच नावावर करतो," म्हणाले. एका माजी सरपंच मामांनी भाच्याच्या पानावर स्वतःचा फेट्यातला फोटो घालायला लावला, भाच्यापेक्षा मोठा. दोन दिवसांनी मुलीकडच्यांचा फोन आला. मुलगा पसंत आहे, पण वय जरा जास्त वाटतं.

सगळंच असं हसण्यासारखं नव्हतं. एका वडिलांनी 'मुलीला फिटची गोळी चालू आहे' ही ओळ काढायला सांगितली. ओळ त्या मुलीनंच घालायला लावलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, ती पंख्याकडे बघत होती. मी ओळ काढली. आज माझ्या खोलीत अशी मुलगी आली तर काय विचारायचं ते मला माहीत आहे. तेव्हा मी फक्त विचारलं, "किती प्रती?"

आता माझं. मी दुकानात बसायचे ते एम.ए.साठी. पुस्तकं, प्रॅक्टिकलच्या फायली, प्रवेश परीक्षेचा फॉर्म, संभाजीनगरला जायचं भाडं हे पगारातून निघत होतं. पहिल्या सत्राची फीही कशीबशी निघाली असती. निघत नव्हतं ते वसतिगृह, मेस आणि उरलेली तीन सत्रं. ते सगळं भागेल अशी एकच गोष्ट घरात होती. पोस्टातली एक एफडी. माझ्या नावाची, पण घरात तिला सगळे 'प्राजूच्या लग्नाची' म्हणायचे.

पप्पा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे डॉक्टरांचे मदतनीस आहेत. डॉक्टर दौऱ्यावर असले की गावं पप्पांनाच डॉक्टर म्हणतात. माझ्या विषयाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "माझं पेशंट तोंडानं एक शबुद बोलत न्हाई, तरी मी दुखणं वळखतो. तुझं तर बोलणारं पेशंट. त्याला आनखी दोन वर्सं कशाला?" हे ते रागानं म्हणायचे नाहीत, हसत म्हणायचे. रागाला उत्तर देता येतं. हसण्याला काय देणार?

प्रवेशाची यादी लागली त्या सोमवारी माझं नाव यादीत होतं. जागा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत फी भरून पक्की करायची होती, नाहीतर ती खालच्या नंबरला जाणार. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पप्पांना तू बोल." मी मंगळवारी बोलायचं ठरवलं. मंगळवारी त्यांनी म्हैस अडल्याची गोष्ट काढली, आणि ती संपेपर्यंत ताटं उचलली गेली.

बुधवारी पप्पा दुकानात आले. गिऱ्हाईक म्हणून. रविवारी बीडला वधू-वर मेळावा होता.

"मॅडम, एक बायोडेटा करायचाय," ते स्टूल ओढून म्हणाले. "लेकीचा."

शकीलभाईंनी चहा मागवला आणि खुर्ची फिरवून बसले. असा खेळ त्यांना फुकट मिळत नसे.

पप्पा सांगत गेले, मी टाइप करत गेले. रंग गोरा. "पप्पा, मी सावळी आहे." "बरं, निमगोरा." उंची त्यांनी माझ्याकडे बघून अंदाजानं सांगितली, जसं कालवडीचं वजन सांगतात, आणि अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता. स्वभाव मनमिळाऊ.

"मी मनमिळाऊ नाही."

"साहब, ये तो पूरे पाटोदे को मालूम," शकीलभाई म्हणाले.

"अपेक्षा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"काय असतंय ते? अनुरूप." पप्पांनी वीस प्रती घेतल्या, फोल्डरमध्ये सरळ लावल्या, आणि पैसे देऊन गेले. शकीलभाई नको म्हणत होते, पण पप्पा म्हणाले, दुकान ते दुकान.

ते गेल्यावर मी फाइल बंद करायला हवी होती. त्याऐवजी मी शेवटच्या रकान्यात गेले, 'अनुरूप' पुसलं आणि लिहिलं :

'मुलीचे एम.ए. (मानसशास्त्र) पूर्ण होईपर्यंत दोन वर्षे थांबण्याची तयारी. फी व वसतिगृहाचा निम्मा खर्च उचलणारा. मुलगी गप्प असेल तेव्हा काय झालं असे एकदाच, पण खरोखर विचारणारा. शिकायचं नंतर बघू म्हणणाऱ्यांनी फोन करू नये.'

वाचून मला इतकं हसू आलं, की मी छपाईयंत्रात कागद भरायच्या निमित्तानं खाली वाकले. कुणाला दाखवायचं नव्हतं. संगणक बंद करताना त्यानं नेहमीचं विचारलं, बदल ठेवू का? मी 'हो' दाबलं.

आता आमच्या धंद्याची एक पद्धत सांगते. नवा बायोडेटा कुणीही कोऱ्या पानावर करत नाही. सगळ्यात अलीकडची फाइल उघडायची, नव्या नावानं साठवायची आणि वरून एकेक ओळ पुसत नवी माहिती भरत खाली यायचं. चौकट, देव आणि शेवटचं 'अनुरूप' आयतं मिळतं. शेवटच्या रकान्याला कुणी हात लावत नाही. लावायची गरजच नसते.

गुरुवारी मेळाव्यामुळे दुकानात जुन्या बायोडेटांच्या प्रती काढायची रांग होती. मेळाव्याआधीचा शेवटचा नवा बायोडेटा करायला मंदाकाकू त्यातच आल्या. पाटोद्याजवळच्या एका गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. नवरा वारल्यापासून त्याच चालवतात. मुलगी आरती, बी.ए. झालेली, गिरणीत हाताखाली. मी सगळ्यात अलीकडची फाइल उघडली. नाव बदललं, रास बदलली, मामा बदलले. देव तोच होता. शेवटचा रकाना मी पाहिलाच नाही. काकूंचा चष्मा घरी होता. शकीलभाईंनी पान त्यांच्या मोबाइलवरही पाठवलं, आणि काकूंनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर सोडलं.

शनिवारी त्या आरतीला घेऊन परत आल्या. भुवयांवर पीठ तसंच.

"मॅडम, माझ्या लेकीचं काय लिवून ठिवलंय तुमी? गिरणी बंद ठिवून आलेय. कालधरनं फोन यायलेत, लई फोन यायलेत!"

आरतीनं पान काउंटरवर ठेवलं आणि शेवटचा रकाना मोठ्यानं वाचला. माझं गुपित तिच्या आवाजात, भर दुपारी, सातबाऱ्यासाठी थांबलेल्या चार माणसांपुढं. शकीलभाईंनी पान हातात घेतलं, पुन्हा वाचलं आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसकण मारली. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसू नगा भाई! एक जन म्हणला, पोरगी द्यायलाव का कॉलेज चालवायलाव? दुसरा म्हणला, निम्मा खर्च आमचा, मग निम्मी नवरी कुणाची?"

"काकू, चूक माझी आहे," मी म्हणाले. "आत्ता दुरुस्त करून देते. पैसे नकोत."

"आगं पन पुढचं तर ऐक. सात जन म्हणायलेत, थांबतो. सात! मागच्या वर्सी नुसतं बघायला तीन आलते. नेकनूरचा एक तर म्हणला, निम्मी कावून, सगळीच फी भरतो, पन पोरगी शिकायची हाय ना नक्की?"

काकू थांबल्या. राग कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"ताई," आरती मला म्हणाली, "त्यो मंगळवारी यायलाय. मानसशास्त्रात काय असतं, असं त्यानं इचारलं तर मी काय सांगू?"

तेव्हा मी आयुष्यातलं पहिलं व्याख्यान दिलं, झेरॉक्सच्या खडखडाटात. सोपं म्हणून स्मरणशक्तीचं घेतलं. एखादी लांब यादी ऐकली तर माणसाला पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं निसटतं.

आरतीचा चेहरा उजळला. "म्हणूनच! आईला सकाळी पयल्या आलेल्याचं आन शेवटी आलेल्याचं पीठ बराबर कळतं. मधल्यांचं बाजरी-ज्वारी अदलाबदल!"

"गप गं!" काकू म्हणाल्या. रांगेतला एक माणूस पुढं सरकला. "मग मागल्या महिन्यात आमच्या घरी भाकरी तशी कावून लागत होती, ते आज कळालं."

आरती अर्धा तास विचारत राहिली. माणूस खोटं बोलतो तेव्हा काय होतं, स्वप्नं का पडतात, गिरणीच्या आवाजात झोप कशी लागते. मला निम्मं येत होतं. निघताना मी पुन्हा म्हणाले, शेवटची ओळ बदलून देते.

"राहू द्या तशीच," आरती म्हणाली. "मला ह्येच शिकायचंय."

काकूंनी कपाळाला हात लावला. "घ्या. पोरीला उजवायला निघाले, ती कॉलेजात निघाली." पण जाताना त्यांनी पान घडी न घालता नेलं.

रविवारी सकाळी पप्पा मेळाव्याला निघायच्या तयारीत. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर माझ्या वीस प्रतींचं फोल्डर, एका हातात चहा, दुसऱ्यात फोन.

"आगं ऐक ह्ये," ते आईला म्हणाले. "गिरणीवाल्या मंदाबाईनं लेकीसाठी काय लिवलंय. सगळ्या गटांवर फिरायलंय." पहिली ओळ त्यांनी हसत वाचली. दुसरीला "वा रे वा" म्हणाले. तिसरी वाचताना त्यांचा वेग कमी झाला. "मुलगी गप्प असेल तेव्हा..." चौथी त्यांनी मोठ्यानं वाचलीच नाही.

फोन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. गोठ्यात शिरल्यावर ते आधी काही न करता नुसते उभे राहतात, तसं.

"ह्ये मंदाबाईचं न्हाई."

मी चहाकडे बघितलं.

"प्राजू, जनावराला बोलता येत न्हाई म्हणून मी अंदाजानं सुई देतो. तुला इंग्रजी शाळेत घातलं, दोन भाषा दिल्या. त्यातली एखादी तरी वापर."

मी वापरली. सगळी एकदम. यादीत नाव आहे, गुरुवार शेवटचा आहे, पहिली फी माझ्याकडे आहे, उरलेल्याला एफडी लागेल, पूर्ण मोडावी लागेल, लग्नाला मग काहीच राहणार नाही, मला माहीत आहे, पण मला शिकायचं आहे, मंगळवारी सांगणार होते पण म्हैस मध्ये आली. श्वास घ्यायला थांबले तेव्हा लक्षात आलं, की मी उभी आहे.

पप्पांनी मांडीवरचं फोल्डर सरळ केलं. मग म्हणाले, "दोन वर्सं थांबतंय कोण?"

"सात जण," मी म्हणाले. "काकूंना फोन आलेत. आरती बी.ए. आहे, गिरणीत बसते, तरी सात."

"आन आपल्याला कुनीच न्हाई थांबलं तर?"

"तर तो अनुरूप नव्हता."

आईनं तोंडाला पदर लावला. पप्पा उठले, फोल्डर काखेत मारलं आणि मेळाव्याला गेले. मी ती दुपार कशी काढली ते लिहीत नाही. संध्याकाळी ते परत आले तेव्हा फोल्डर रिकामं होतं. वीसच्या वीस प्रती वाटलेल्या.

"दिल्या?" आईनं विचारलं.

त्यांनी खिशातून फोन काढून फोटो दाखवला. माझं पान. शेवटच्या रकान्यातलं 'अनुरूप' निळ्या पेनानं खोडलेलं, आणि शेजारी जनावरांच्या औषधाच्या चिठ्ठीवर असतं त्या अक्षरात : 'एम.ए. झाल्यावर बघू. घाई असल्यास येऊ नये.'

"वीसवर लिवलं," ते म्हणाले. "बसमधी. हात दुखायलाय. आता कागद गावभर गेलाय, मला माघार घेता येत न्हाई."

आरतीचं इथंच सांगून टाकते. तिनं पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा दिली आणि नापास झाली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा दिली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याच जुन्या नोट्सवर मला न आवडणाऱ्या रंगाच्या खुणा करते. नेकनूरचा मुलगा ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवतो. दोघांचं ठरलंय. परवा त्यानं मला फोन करून गंभीरपणे विचारलं, ताई, त्या पीएच.डी.ला किती वर्षं लागतात? मंदाकाकूंकडे कुणाच्या डब्यात कुणाचं पीठ जातं, याबद्दल मी काही बोलणार नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही पोस्टात गेलो. गर्दी होती. एफडी माझ्या नावाची, म्हणून सही मीच करायची. खिडकीमागचे बाबू पप्पांच्या ओळखीचे. त्यांची गाय पप्पांनीच वाचवली होती. त्यांनी पावती उलटसुलट केली आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं.

"मुदतीआधी मोडायलाव? म्हणजे लगीन जमलं!"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा खिडकीवर कोपर टेकून उभे होते, म्हैस सुखरूप व्याल्यावर मालकासमोर उभे राहतात तसे.

"जमलं," ते म्हणाले. "विद्यापीठानं पोरगी पसंत केली. गुरुवारच्या आत बोलावलंय."

बाबूंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी शिक्का उचलला. "आन मानपान?"

"लई मागतेत," पप्पा म्हणाले. "म्हणून तर मोडायलोय."

मी पोस्टात, भर रांगेत, मोठ्यानं हसले. मागच्या बायका वळून बघायला लागल्या. पाटोद्यात माझा आवाज इतक्या लोकांनी ऐकण्याची ती पहिलीच वेळ असावी. मला थांबवता येईना, आणि सही वाकडी आली. बाबू म्हणाले, चालेल.